अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या मोहल्ल्यात शोधाशोधीचा खेळ

 बाळगोपाळांनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे, तेव्हा आजी-आजोबांकडून वाचून घ्या.

पेसाहच्या आदल्या रात्री मेणबत्ती, पक्ष्याचे पीस आणि लाकडी चमचा घेऊन घरभर हामेत्स शोधण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहेच. शोधणाऱ्याला काहीतरी सापडावे म्हणून पावाचे दहा तुकडे आधीच लपवून ठेवायचे, आणि दहाचे दहा मिळेपर्यंत कोणी झोपायचे नाही. दुसऱ्या दिवशी सेदरला अफिकोमन लपवायचा आणि तो सापडला की मुलांनी बक्षीस मागायचे. म्हणजे शोधाशोधीचा खेळ आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको!

इथे हॉलंडात या खेळाला ‘स्पूरतॉख्त’ म्हणतात. मुलांचा वाढदिवस असला की आई-वडील गल्लीत खुणा लावतात, चिठ्ठ्या लपवतात आणि पोरे एका चिठ्ठीवरून दुसरीकडे धावतात. याचाच एक भाऊ ‘व्हॉसेनयाख्त’, म्हणजे कोल्ह्याची शिकार. त्यात मोठी माणसे वेषांतर करून बाजारात, स्टेशनावर, बाकावर बसतात आणि मुलांनी त्यांना ओळखून काढायचे. कोल्हा वगैरे काही नसतो. कोणी शेजारीण फुलवाली होते, तर कोणाचे वडील पोस्टमन. थोडी मोठी मुले झाली की त्यांना रात्री रानात नेऊन सोडतात आणि म्हणतात, या आता चालत घरी! त्याला ‘ड्रॉपिंग’ म्हणतात. आमच्यातल्या आज्यांनी हे ऐकले तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावला. तेवढा प्रकार आम्ही सोडून दिला आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इथे आमच्या ओळखीची बेने इस्राएल घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कोणी अ‍ॅमस्टलवेनला, कोणी हेगला, कोणी पार आइंडहोवनला. सणाला जमतो, पण जमलो की काय होते? म्हातारी माणसे एका खोलीत मराठीत बोलतात, मुले दुसऱ्या खोलीत डचमध्ये, आणि मधली पिढी दोन्हीकडे ताटे पोहोचवत राहते. आजीला नातवाचे अर्धे बोलणे कळत नाही, नातवाला आजीचे पाऊण. जेवण झाले की सगळे गाडीत बसून आपापल्या गावी जातात. आमच्या तरुणांना त्यांच्या ऑफिसातून ‘टीम-बिल्डिंग’ला नेतात. कधी होडी वल्हवायला, कधी कोडी सोडवायला. त्यांनीच एकदा म्हटले की ऑफिसच्या लोकांशी आमची जेवढी ओळख झाली तेवढी स्वतःच्या घरातल्यांशी नाही, मग हा खेळ आपण घरच्यांसाठी का करू नये? बोलणे आम्हाला लागले, आणि पटलेही.

पण ऑफिसातला खेळ जसाच्या तसा उचलून चालणार नव्हते. तिथे सगळे एका वयाचे आणि एका भाषेचे असतात. जो जास्त धावतो तो जिंकतो. इथे एका टोकाला ऐंशी वर्षांचे आजोबा, दुसऱ्या टोकाला सहा वर्षांची नात. म्हणून पहिला नियम ठरला तो असा की चार भिडूंचा एक गट. त्यात एक भिडू पासष्टच्या वरचा, एक बारा वर्षांखालचा, एक चांगले डच वाचणारा (इथे डच जावई आणि सुना फार उपयोगी पडतात) आणि चौथा कोणीही. आपल्याच घरच्यांचा गट करायचा नाही. एका घरची आजी, दुसऱ्या घरचा नातू. गट जितका हळू चालणाऱ्या माणसाचा, तितकाच त्याचा वेग. वेळेला गुण नाहीत, आणि धावणाऱ्या गटाचे दोन गुण वजा.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा. प्रत्येक कोडे असे हवे की ते एकट्या म्हाताऱ्याला किंवा एकट्या मुलाला सुटू नये. काही मराठीत, काही हिब्रूत, काही रस्त्यावरच्या डच पाटीत. तिन्ही जुळले तरच उत्तर. हे लिहायला सोपे आहे, पण अशी कोडी तयार करायला आम्हाला कितीतरी संध्याकाळी लागल्या. वाट कोणती, हा वादच नव्हता. अ‍ॅमस्टरडॅमचा जुना यहुदी मोहल्ला. न्यूमार्क्टपासून वनस्पती-उद्यानापर्यंत अंतर जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर, रस्ता सपाट, बसायला बाक, आणि प्रत्येक वळणावर काही ना काही पाहण्यासारखे.

सुरुवात लहानांसाठी सोपी ठेवली आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर कोरीव, रंगवलेले दगड असतात. कुठे मासा, कुठे जहाज, कुठे बैल. घरांना नंबर देण्याची पद्धत येण्याआधी याच दगडांवरून घर ओळखत. आपल्याकडे नाही का, ‘पिंपळाखालचे घर’ किंवा ‘अमक्याची चाळ’ म्हणायचे, तसेच. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांनी वाटेत असे तीन दगड शोधायचे आणि कागदावर काढायचे. चित्र ओळखता आले नाही तरी गुण मिळतील, काळजी नको.

सिंट अँटोनीसब्रेस्ट्राट या रस्त्यावर दे पिंटो यांचे घर लागते. इसाक दे पिंटो या पोर्तुगीज यहुदी व्यापाऱ्याने ते १६५१ साली घेतले. विसाव्या शतकात रस्ता रुंद करण्यासाठी ते पाडायचे ठरले होते. लोकांनी विरोध केला, १९७५ मध्ये घर वाचले. इथले कोडे मुंबईकर आजोबांसाठी आहे, कारण रस्तारुंदीत गेलेली घरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांनी अशा एका घराची गोष्ट गटाला सांगायची, आणि मुलाने ती परीक्षकाला डचमध्ये सांगायची. गोष्टीतले घर, गल्ली आणि माणूस, तिन्ही आले की पूर्ण गुण.

पुढे योडेनब्रेस्ट्राटवर रेम्ब्रांटचे घर. हा चित्रकार तिथे १६३९ ते १६५८ पर्यंत राहिला. यहुदी नव्हता, पण शेजारपाजार यहुद्यांचा. चिठ्ठीवर इतकेच आहे: ‘शहाजहानला कधीही न भेटता त्याचे चित्र काढणारा शेजारी कोण?’ खरी गोष्ट आहे हो! व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हिंदुस्थानातली मोगल चित्रे अ‍ॅमस्टरडॅमला येत. रेम्ब्रांटने ती पाहून वीसहून अधिक रेखाटने केली, त्यांत शहाजहान आहे. तो स्वतः कधी हिंदुस्थानात आलाच नाही. आमच्या तालमीत एका दहा वर्षांच्या मुलाने शहाजहान म्हणजे कोण असे विचारले आणि ताजमहालाची गोष्ट सुरू झाली, ती पुढच्या पुलापर्यंत संपली नाही. अशा वेळी खेळ थांबला तर थांबू द्यावा असे आमचे मत आहे.

तिसरे कोडे सर्वांना आवडले, म्हणून इथे पूर्ण देतो. (भाग घेणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचू नये!)

‘कांशाचा माझा झगा, त्यावर राघू-चिमण्या बसल्या. वस्तीने मला बाहेर काढले, आता वस्तीच्या वाटेवर उभा. ओळखा मी कोण?’

झ्वानेनबुर्खवालच्या काठी तत्त्वज्ञ स्पिनोझाचा पुतळा आहे, २००८ साली बसवलेला. स्पिनोझा याच मोहल्ल्यात १६३२ मध्ये जन्मला आणि १६५६ मध्ये त्याच्या विचारांवरून जमातीने त्याला बहिष्कृत केले. शिल्पकार निकोलास डिंग्स याने त्याच्या झग्यावर चिमण्या, गुलाब आणि पोपट घडवले आहेत. पोपट का? तर अ‍ॅमस्टरडॅमच्या बागांतून आज हिरवे, गळ्यात गुलाबी कंठी असलेले राघू थव्याने उडतात. पिंजऱ्यातून सुटलेल्या राघूंची ती पिलावळ. म्हणजे परदेशातून येऊन इथलेच झालेले. आजीने वर आकाशात बघून ‘अगं बाई, हा तर आपला राघू!’ म्हटले की समजावे, कोडे सुटले. बहिष्कार म्हणजे काय हे मात्र मुलांना समजावून सांगावे लागते, आणि त्यावर एका गटात दोन मते पडली तर परीक्षकाने मध्ये पडू नये.

वॉटरलोप्लाइनच्या जुन्या बाजारात ‘कोल्हा’ बसेल. ज्यांना चालणे झेपत नाही त्यांच्यासाठी ही युक्ती. आमच्यातल्या एक आजी गुडघ्यांमुळे येणारच नव्हत्या. आता त्या नऊवारी नेसून, हातात मराठी वर्तमानपत्र घेऊन बाकावर बसणार आहेत आणि प्रत्येक गटाला खूण विचारून पुढचे पाकीट देणार आहेत. त्यांच्याशी मराठीत बोलल्याखेरीज पाकीट मिळणार नाही. या कल्पनेने त्या इतक्या खूष आहेत की त्यांनी खेळाच्या आधीच नातवाकडून दोनदा परीक्षा घेतली!

आता एस्नोगा, म्हणजे पोर्तुगीज यहुद्यांची मोठी मशीद. (आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, म्हणून आम्हीही म्हणतो.) ही १६७५ साली उघडली. कोडे असे: ‘समुद्र नाही तरी वाळू, दिवाळी नाही तरी हजार दिवे.’ तालमीत एका आजोबांनी क्षणात उत्तर दिले, ‘नवगावचा किनारा!’ आपले पूर्वज जिथे बुडत्या जहाजातून काठाला लागले असे आपण मानतो तो अलिबागजवळचा किनारा. उत्तर चूक, पण गुण दिले. खरे उत्तर समोरच होते. या मशिदीत आजही विजेचे दिवे नाहीत. पितळी झुंबरांत सुमारे हजार मेणबत्त्या लावतात. आणि लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली असते, म्हणजे बुटांचा आवाज होत नाही आणि धूळ, ओल शोषली जाते.

दारावर पाचव्या स्तोत्रातली एक ओळ कोरली आहे. त्या ओळीतच १६७२ हे वर्ष आणि राब्बी आबोआब यांचे नाव गुंफलेले आहे. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते, आलेफ एक, बेथ दोन, हे आपल्या मुलांना शिकवलेले असतेच. ती बेरीज मुलांनी करायची. मग मोठ्यांनी विचारायचे, १६७२ कोरले आणि उघडली १६७५ ला, हे कसे? कारण १६७२ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांनी मिळून हॉलंडवर चढाई केली आणि काम थांबले.

याच आवारात एट्स हाइम हे १६१६ पासून चालत आलेले पुस्तकालय आहे. इथे आमचा खेळ जरा वेळ आपल्या घराकडे वळतो. डचांनी १६६३ मध्ये कोचीन घेतले. त्यानंतर १६८६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचा मोशे पेरेरा दे पाइवा हा पोर्तुगीज यहुदी कोचीनच्या यहुद्यांना भेटला आणि त्याने लिहिलेली हकिकत १६८७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापली गेली. पुढे कोचीनचे यहुदी व्यापारी एझेकिएल राहाबी यांचा हेगच्या टोबियास बोआस यांच्याशी पत्रव्यवहार होता. राहाबींच्या १७६८ च्या पत्रात आपला उल्लेख आहे, बरे का! मराठ्यांच्या मुलुखात विखुरलेले बेने इस्राएल, ज्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, जे शनिवार पाळतात आणि ज्यांना शेमा येतो. ‘शनवार तेली’ हे नाव आपल्याला कोकणात का पडले ते आजीला विचारा, असे इथले कोडे आहे. अडीचशे वर्षांपूर्वी आपली बातमी या देशात पोहोचली होती, माणसे मात्र आत्ता पोहोचली.

शेवटचा मुक्काम वनस्पती-उद्यान, होर्टुस. याची सुरुवात १६३८ ची. इथले पाकीट फक्त म्हाताऱ्यांनी उघडायचे. आत एका जुन्या पानाची नक्कल आहे. मलबारच्या झाडाझुडपांवरचा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापला गेला. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने तो तयार करवला, आणि त्याला मदत करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. पहिल्या खंडात त्यांचा दाखला छापला आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत! म्हणजे आपली अक्षरे १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेली. नातवंडांपुढे ते पान म्हणजे नुसत्या रेघोट्या. डच जावयालाही काही कळत नाही. तिथे आजीने चष्मा लावायचा आणि जुन्या वळणाची अक्षरे बोटाने एकेक करून लावायची. भाषा कोकणी, वळण जुने, त्यामुळे सगळे लागणार नाही. पाच शब्द लागले तरी पुरे. आम्ही हे पान शेवटी ठेवले याचे कारण सांगायला नको.

आता ज्यावर आमच्यात खरोखर भांडण झाले ते सांगतो. या मोहल्ल्यात खेळ खेळायचाच कसा, असे काहींचे म्हणणे होते. एस्नोगाच्या मागे मायरप्लाइन चौकात गोदी कामगाराचा पुतळा आहे, मारी आन्द्रीसेन यांनी १९५२ साली केलेला. फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मनांनी याच चौकात चारशेहून अधिक यहुदी पुरुषांना पकडून नेले. त्यावर २५ फेब्रुवारीला शहरातल्या कामगारांनी संप केला. ट्राम थांबल्या, गोदी थांबली. बिगरयहुदी शेजाऱ्यांनी यहुद्यांसाठी केलेला संप. दरवर्षी त्या दिवशी लोक इथे जमतात. जवळच वेस्परस्ट्राटला २०२१ पासून नावांचे स्मारक आहे. १ लाख २ हजारांहून जास्त विटा, प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि वय. आणि होर्टुसच्या पुढे, प्लांताझे मिडनलानवर, ते नाट्यगृह, जिथे १९४२-४३ मध्ये यहुद्यांना कोंडून मग छावण्यांकडे पाठवले. समोरच्या पाळणाघरात मुलांना ठेवत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहात काम पाहणारे वाल्टर झ्यूस्किंड आणि शेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान व्हान हुल्स्ट यांनी सुमारे सहाशे मुले बाहेर काढली. ट्राम येऊन दारात उभी राहिली की पहारेकऱ्याला समोरचे दिसत नसे, तेवढ्यात मूल घेऊन निघायचे. पिमेंटेल आणि झ्यूस्किंड स्वतः वाचले नाहीत. त्या विद्यालयाच्या इमारतीत २०२४ पासून राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे.

एक बाजू म्हणाली, लहान मुलांना हे कशाला? हिंदुस्थानात आपल्याला शेजाऱ्यांनी कधी छळले नाही, आपल्या घरात ही आठवणच नाही. दुसरी बाजू म्हणाली, या रस्त्यांवरून पोपट बघत जायचे आणि विटांपाशी मान फिरवायची, हे कसे चालेल? इथल्या शाळेत मुले हे शिकतातच, मग आपल्याबरोबर का नको? दोन्ही बाजूंना घरातलेच लोक, त्यामुळे आवाज चढले. शेवटी ठरले ते असे. गोदी कामगाराच्या पुतळ्यापाशी जे पाकीट मिळेल त्यात कोडे नाही, चार खडे आहेत. गुणांचा कागद खिशात ठेवायचा, नावांच्या भिंतीपर्यंत चालत जायचे, आपल्या वयाचे कोणी सापडले तर त्यापाशी खडा ठेवायचा आणि पुढे निघायचे. नाट्यगृहाकडे खेळ जाणार नाही. जेवण झाल्यावर ज्यांना जायचे त्यांनी जावे, दहा वर्षांवरची मुले पालकांना विचारून. हा तोडगा सगळ्यांना पूर्ण पटला असे नाही.

बाकी व्यवस्थेबद्दल थोडक्यात. दिवस रविवार, कारण शब्बाथला एस्नोगा पाहण्यासाठी बंद आणि आपणही घरी. जून महिना बरा, उजेड रात्री दहापर्यंत. आत जाताना सुरक्षा तपासणी असते, म्हणून मोठ्या पिशव्या आणू नयेत आणि वेळ हाताशी ठेवावा. गट पंधरा-पंधरा मिनिटांनी सोडायचे, नाहीतर सगळे एकाच पाटीसमोर गर्दी करतात. लाल रंगाचा रस्ता सायकलींचा, तिथे उभे राहून चिठ्ठी वाचायची नाही. इथला सायकलवाला घंटी वाजवतो, पण थांबत नाही! कालव्यांना बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत, म्हणून लहान मुलाचा हात म्हाताऱ्या भिडूच्या हातात. म्हाताऱ्यांना वाटते आपण मुलाला सांभाळतो, मुलांना वाटते आपण आजीला. दोघेही पडत नाहीत. संडास कुठे आहेत त्याची यादी प्रत्येक गटाजवळ राहील, ही सूचना आजोबा मंडळींची होती आणि ती एकमताने मंजूर झाली.

जेवण होर्टुससमोरच्या वेर्टहाइम बागेत. बटाटेवडे, पोहे, ओल्या नारळाच्या करंज्या. मटणाचे काही नको असे ठरले आहे, म्हणजे नंतर चहात दूध घालता येईल. बक्षीस म्हणून जिंकलेल्या गटाला पहिली करंजी, हरलेल्यांना दुसरी.

एक शेवटचा नियम राहिलाच. प्रत्येक उत्तर परीक्षकाला सांगताना आजीने किंवा आजोबांनी ते डचमध्ये सांगायचे आणि मुलाने मराठीत. दोघांनी एकमेकांना वाटेत शिकवायचे. त्याला वेगळे दोन गुण आहेत. पाऊस आला तरी खेळ होईल, हॉलंडात पावसासाठी थांबणारे कुठेच पोहोचत नाहीत. दमलेल्यांसाठी घडीच्या खुर्च्या दोन मिळाल्या आहेत. आणखी दोन हव्यात, आणि त्या उचलायला चांगले खांदे असलेला एक जावई.